एक लाख आठ हजार

प्रारंभीच एक खुलासा करणे बरे. या लेखातील 'आम्ही' म्हणजे प्रस्तुत लेखक एकटाच. पाव शतकाहून अधिक काळ एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादकी केली, आणि त्यातील बराच काळ बिननावाची स्फुटे लिहिण्यात गेला. त्या ओघात 'मी' हे सर्वनाम हातातून निसटले ते निसटलेच. घरात मात्र या बहुवचनाचा काही उपयोग होत नाही. 'आम्हांला असे वाटते' असे म्हणायला आरंभ केला की पत्नी विचारते, "आम्ही म्हणजे कोण? मला तर तसं वाटत नाही." ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे एकवचन आणि अनेकवचन यांतला फरक तिला आमच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

२०२२ च्या जून महिन्यात आमच्या कन्येपुढे दोन वाटा उभ्या राहिल्या. सोलापुरात बी. ए. पूर्ण करून तिने पत्रकारिता शिकायचे ठरवले होते. (हे ठरवण्यापासून तिला परावृत्त करण्याचा आम्ही प्रयत्न केला नाही असे नाही, पण ज्या घरात रोज रात्री दीड वाजता बाप छापखान्याचा वास घेऊन परततो त्या घरातल्या मुलीला या व्यवसायाची भीती घालणे अवघड असते. तिने जे पाहिले आहे ते आपण सांगणार त्याहून अधिकच असते.) सोलापूरच्या विद्यापीठातही पत्रकारितेचा विभाग आहे, परंतु एकदा घराबाहेर पडायचेच ही तिची अट होती आणि ती आम्हांला रास्त वाटली. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागात, तिला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. आणि दक्षिणेतील एका महानगरातल्या एका खासगी संस्थेने तिला एका वर्षाच्या इंग्रजी पदविकेसाठी निवडले होते. या दुसऱ्या संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. नाव घेतले की वाचक त्या संस्थेविषयी मत बनवू लागतो, आणि आमची अडचण संस्थेची नव्हती. संस्था चांगली होती. खरी अडचण तीच होती.

मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजी वाचणारी पण बोलताना क्षणभर अडखळणारी सोलापूरची मुलगी त्यांच्या लेखी परीक्षेतून आणि मुलाखतीतून निवडली गेली, याचा आम्हांला झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता. कार्यालयात आम्ही तो चारचौघांना सांगितलाही. त्यानंतर शुल्काचे पत्रक उघडले.

पत्रक उघडल्यावर जी शांतता पसरली ती मध्यमवर्गीय घरांना परिचित असेल. कोणी काही बोलत नाही. कोणी तरी चहा टाकायला उठते. शिकवणीशुल्क चार लाख वीस हजार. वसतिगृह आणि जेवण एक लाख तीस हजार. जाणे-येणे, आजारपण, वरखर्च यांचे आम्ही तीस हजार धरले. बेरीज पाच लाख ऐंशी हजार. पुण्याच्या बाजूला शुल्क, परीक्षा आणि संकीर्ण असे सगळे मिळून दोन वर्षांचे पन्नास हजार मांडले. एवढ्यावर आम्ही वही मिटणार होतो. प्रश्न सुटलाच होता. पत्नीने वही ओढून घेतली. "पुण्यात ती झाडाखाली राहणार आहे का?"

शिक्षण स्वस्त आणि शहर महाग, ही गोष्ट हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. तिघींत एक खोली, त्यातल्या एका कॉटचे भाडे, मेस, बसचा पास, मोबाइल, झेरॉक्स असे करून महिन्याचे अकरा हजार. बावीस महिन्यांचे दोन लाख बेचाळीस हजार. म्हणजे पुणे दोन लाख ब्याण्णव हजारांवर गेले. फरक उरला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा. आणि तिकडचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, इकडचा दोन वर्षांचा. तिकडे शिकली तर वर्षभर आधी कमावू लागेल. आरंभीचा पगार अगदी आमच्या जिल्हा आवृत्तीच्या मापाने पंधरा हजार धरला तरी वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. ते वजा केले. उरले एक लाख आठ हजार.

"म्हणजे एवढाच प्रश्न आहे," पत्नी म्हणाली, आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाली, "अर्थात पगार म्हणजे शिल्लक नव्हे."

तो आकडा त्या दिवसापासून आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखा राहायला आला. जेवताना, झोपताना, बाजारात भाजी घेताना एक लाख आठ हजार. रकमेत काही विलक्षण नव्हते. आम्हांला बोचत होते ते वेगळेच. पाच लाखांचा फरक असता तर 'परवडत नाही' असे म्हणून मोकळे होता आले असते. एक लाख आठ हजारांसाठी तसे म्हणता येत नव्हते. आणि तरीही आमचे मन पुण्याकडे धावत होते. का धावत होते याची कारणे देण्यात आम्ही मोठे वाकबगार. कारणे शोधणे हा तर आमचा व्यवसाय.

पहिले कारण भाषेचे. मराठी पत्रकारिता मराठीच्या मुलुखात शिकावी. हे वाक्य उच्चारायला भारदस्त आहे, पण इतिहास त्याला फारशी साथ देत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले ते मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी ठेवून. १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या मंडळींनी पत्र काढायचे ठरवले तेव्हा एक काढले नाही, दोन काढली: मराठीत 'केसरी', इंग्रजीत 'मराठा'. आगरकरांनी १८८८ मध्ये स्वतंत्र चूल मांडली तर त्या 'सुधारका'तही इंग्रजी बाजू होती आणि ती गोखले सांभाळत. ज्यांची नावे घेऊन आम्ही दरवर्षी पत्रकारदिनी हार घालतो, त्यांच्यापैकी कोणीही इंग्रजीकडे पाठ फिरवून बसला नव्हता. शिवाय आमचा स्वतःचा अनुभव सांगतो की उच्च न्यायालयाचा निकाल हातात पडला की जिल्हा आवृत्तीत वकिलाला फोन लागतो. निकाल इंग्रजीत असतो, आणि साठ पाने वाचून त्यातला कणा काढण्याची तालीम आमच्यापैकी फारशा कोणाला कधी मिळालीच नाही. त्या संस्थेच्या अभ्यासक्रमात नेमकी ती तालीम होती. रोज बातमी लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी ती लाल होऊन परत यायची. आमच्या उमेदीत असा एक लाल पेनवाला भेटला असता तर आमच्या मराठीचेही भले झाले असते.

दुसरे कारण आम्ही पुढे केले ते मान्यतेचे. एक वर्षाची पदविका ही पदव्युत्तर पदवी नव्हे. उद्या नेट देऊन अध्यापनाकडे वळावेसे वाटले तर पदविका पुरणार नाही. हे खरेच आहे. कन्येने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, मला पत्रकार व्हायचंय की प्राध्यापक?"

तेव्हा आम्ही बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जाची पद्धत अशी की ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात. शिकत असतानाच्या काळातही व्याज मात्र चढत असते. बँकेतील तरुण अधिकारी सौजन्यमूर्ती होता. त्याच्या संगणकात अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन असे सारे तयार होते. पत्रकारितेपाशी तो थबकला. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, पदविका की पदवी, नोकरीची शक्यता काय, असे त्याने रीतसर विचारले. मग आमच्या अर्जातील व्यवसायाच्या रकान्याकडे त्याची नजर गेली. 'आपणही पत्रकारच का?' आम्ही होकार दिला. त्याने पगाराची चिठ्ठी पाहिली. तीत २०२० च्या उन्हाळ्यापासून तीस टक्के कपात होती, आणि ती अद्याप पूर्ण भरून आलेली नव्हती. त्याने काही म्हटले नाही. नोकरीची शक्यता काय, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या टेबलावरच पडले होते. पत्नीची पगारचिठ्ठी जोडल्यावर मात्र तो खुलला. सरकारी शाळेच्या गणितावर उद्याच्या पत्रकारितेचे कर्ज उभे राहू शकते, एवढे ज्ञान घेऊन आम्ही बाहेर पडलो.

पाच लाख, साडेदहा टक्के, सात वर्षे. हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास. शिकतानाचे व्याज मुद्दलात मिळू दिले तर दहा हजारांकडे झुकणारा. आता प्रश्न एक लाख आठ हजारांचा राहिला नव्हता. तो सात वर्षांचा झाला होता. बेरजेत आणि कर्जात हा एक फरक असतो की बेरीज एकदाच करावी लागते.

या टप्प्यावर आम्ही चौकशा केल्या. ओळखीतून ओळख काढत त्या दक्षिणेतल्या संस्थेतून काही वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या एका मुलीशी फोनवर बोललो. ती एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी करत होती. संस्थेविषयी ती भरभरून बोलली. शिक्षक, ग्रंथालय, भर उन्हात वस्त्यांतून हिंडून केलेल्या बातम्या, मध्यरात्रीपर्यंत चाललेले वाद. 'आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष,' असे ती म्हणाली. मग तिला बातमीदारी सोडून डेस्क का धरावा लागला, असे आम्ही विचारले. डेस्कला पगार बरा आणि खात्रीचा होता. एका छोट्या नियतकालिकाने तिला दुष्काळी भागात फिरण्याचे काम देऊ केले होते. पैसे कमी होते. 'हप्ता होता ना काका,' ती म्हणाली. तिच्या स्वरात खंत होती असे आम्हांला त्या वेळी वाटले. आज वाटते की ती खंत आम्ही आमच्या सोयीसाठी ऐकली असेल. तिने तर नुसती माहिती दिली होती.

पुण्याविषयी चौकशी करायला फोनची गरज नव्हती. मराठी वृत्तपत्रांत वावरलेल्या माणसाला रानडेचे विद्यार्थी ठायी ठायी भेटतात. १९६४ पासून तिथे हा विषय शिकवला जातो. राज्यातल्या कितीतरी संपादकांच्या, वार्ताहरांच्या, आकाशवाणीवरच्या मंडळींच्या बोलण्यात 'आम्ही रानडेत असताना' हे पालुपद येते. तरीही प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही बापलेक पहाटेच्या एस. टी.ने निघालो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्यावरचे ते आवार, तिथेच भरणारे परकीय भाषांचे वर्ग, जर्मनची वही हातात घेऊन चाललेली मुले. कन्या हे सारे पाहत होती आणि आम्ही तिला पाहत होतो. आदल्याच वर्षी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, हा विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारातील दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा निर्णय झाला होता. आजी-माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, आणि त्याला स्थगिती मिळाली. ती बातमी आमच्या पानावर आम्हीच लावली होती. दोन वर्षांसाठी मुलीला जिथे ठेवायचे त्या जागेचा प्रश्न असा नुकताच ऐरणीवर येऊन गेलेला, हेही मनाच्या वहीत नोंदले.

तिथे भेटलेल्या मुलांपैकी अर्धेअधिक कुठे ना कुठे काम करत होते. कोणी वेब पोर्टलवर, कोणी दैनिकात स्ट्रिंजर, कोणी भाषांतरे करून खोलीचे भाडे काढत होता. दिवसा वर्ग, संध्याकाळी काम. पुण्यात शिकण्याची खरी संधी ही आहे. ती माहितीपत्रकात छापता येत नाही. वर्गातला धडा आणि शहरातला चटका एकाच दिवशी मिळतो. पण त्याच मुलांपैकी एकाने सहज सांगितलेले वाक्यही आम्ही विसरलो नाही. 'काम करून वर्गात डोळा लागतो, आणि ज्या वेळी वाचायला हवं त्या वेळी आम्ही पैशासाठी लिहीत असतो.' स्वस्त शिक्षणाचा उरलेला हिस्सा असा फेडावा लागतो.

परतीच्या प्रवासात इंदापूरपर्यंत दोघेही गप्प होतो. तिथे गाडी थांबली तेव्हा तिने विचारले, "तुम्ही मला काय सांगाल?" आम्ही आमचे ठेवणीतले वाक्य सांगितले. पत्रकारिता शिकवून येत नाही, ती करून येते. मग शिकण्यावर जितका कमी खर्च तितका बरा. हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे नवशिक्यांना ऐकवत आलो आहोत. त्याला टाळ्याही मिळाल्या आहेत.

पुढे जे घडले ते कर्जाच्या कागदपत्रांपायी. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, आमचे पदवी प्रमाणपत्र असे शोधताना तिने लोखंडी कपाटातली जुनी फाइल काढली. तीत एक पिवळे पडलेले पत्र होते, १९९५ सालचे. दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचे मुलाखतीचे बोलावणे. आमच्या नावचे.

हे पत्र आहे हे आम्ही विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. आम्ही विसरलो नव्हतो. वडील गिरणीत होते आणि त्या वर्षी गिरणीचा भोंगा वाजेल की नाही याची शाश्वती उरली नव्हती. दिल्लीचे जाण्या-येण्याचे भाडे, एक बरा शर्ट, आणि निवड झालीच तर वर्षभराचा खर्च. वडिलांनी नाही म्हटले नव्हते. त्यांनी फक्त विचारले होते, 'तिथे नेमकं काय शिकवतात?' आम्हांला उत्तर देता आले नाही, आणि आम्ही गेलो नाही. पुढल्या वर्षी दैनिकात अठराशे रुपयांवर लागलो. त्यानंतर कधीतरी ते वाक्य तयार झाले: पत्रकारिता शिकवून येत नाही.

कन्येने पत्र पुढे धरले. "बाबा, हे काय?"

आम्ही सांगितले ते थोडक्यात आणि नीट जमले नाही. तिने एवढेच विचारले, "म्हणजे तुम्हांला जायचं होतं."

त्या रात्री पान लावताना आमच्या हातून दोन मथळे चुकले. मनात एकच गोष्ट घोळत होती. पंचवीस वर्षे ज्याला आम्ही तत्त्व समजत होतो ते वडिलांच्या रिकाम्या खिशाचे गोंडस नाव होते की काय? आणि आता तेच नाव आपल्या खिशाला देऊन मुलीच्या हाती ठेवत आहोत की काय? इंग्रजी, मान्यता, मराठी मुलूख, स्ट्रिंजरचा अनुभव ही सारी कारणे खरी होती. पण ती आम्हांला सुचली होती शुल्काचे पत्रक पाहिल्यानंतर. निकाल आधी आणि मीमांसा मागाहून. न्यायालयाने असे केले असते तर आम्ही अग्रलेखात टीका केली असती.

सकाळी उठताच आम्ही जाहीर केले की कर्ज काढायचे, आणि तिने दक्षिणेत जायचे. हमीची सही आम्ही करू. पैसा दुय्यम. पत्नीने भुवया उंचावल्या पण ती काही बोलली नाही. उत्तर कन्येने दिले, आणि ते आम्हांला अपेक्षित नव्हते.

"काल तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणून पुणे होतं. आज तुमचं दिल्ली राहिलं म्हणून मी तिकडे जायचं. यात माझं काय?"

मग ती पहिल्यांदाच सविस्तर बोलली. इतके दिवस ती बोलली नव्हती याला आमचे अखंड बोलणे कारणीभूत होते. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी तिने विडी कामगार बायकांवर एक लेख लिहिला होता. आमच्या शेजारच्या तेलुगू घरांत लहानपणापासून जाऊन येऊन तिला ती भाषा बोलता येते. विड्या मोजून देताना खराब म्हणून किती बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे कोणाला मिळतात, नावावर किती दिवसांचे काम लागते आणि त्यावर पुढे भविष्यनिर्वाह निधीचे काय होते, हे तिने घरोघरी बसून विचारले होते. लेख महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात आला. आम्ही तो वाचला होता आणि शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवल्या होत्या. तिचे म्हणणे असे की तिला करायचे आहे ते हे. हे करायला मराठीत आणि तेलुगूत हिंडावे लागेल, आणि त्याचा पगार फारसा मिळणार नाही. ते शिकायला दक्षिणेतली संस्था कदाचित अधिक चांगली असेल. पण तिथून निघाल्यावर सात वर्षे तिला हे करता येणार नाही. "फोनवरची ताई खोटं बोलली नाही ना बाबा?"

आम्ही म्हटले की हप्ता आम्ही भरू. "म्हणजे तुमच्या पगारातून," ती म्हणाली, "तीस टक्के कापलेल्या."

निर्णय तिचा झाला, पुण्याचा. मात्र तिने एक मागणी केली. ज्या एक लाख आठ हजारांवरून महिनाभर घरात खल चालला होता ते कोणत्या तरी मार्गाने खर्च होणारच होते; तर ते बँकेत तिच्या नावावर ठेवावेत. शिकण्यासाठी त्यातला एक रुपया काढायचा नाही. नोकरी लागल्यावर कधी नोकरी सोडावीशी वाटली तर ते असावेत. पत्नी म्हणाली, "हे गणित मला कळलं." ठेव केली ती तिच्याच भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन, हे येथे नमूद करायला हवे, अन्यथा 'आम्ही ठेव केली' असे लिहून प्रस्तुत लेखक पुन्हा एकदा बहुवचनाचा गैरफायदा घेईल. दक्षिणेतल्या संस्थेला नकार कळवणारे पत्र कन्येने इंग्रजीत लिहिले. आम्ही ते तपासायला घेतले आणि तपासण्यासारखे काही सापडले नाही.

२०२४ मध्ये तिचा अभ्यासक्रम संपला. दुसऱ्या वर्षी तीही कुठे भाषांतरे, कुठे वार्तांकन करत होती, आणि तिचाही वर्गात डोळा लागत असे. एका मराठी संकेतस्थळावर अठरा हजारांवर लागली. विडी कामगारांवर पुन्हा लिहायचे ते अद्याप झालेले नाही. तिच्या वाट्याला बहुधा मनोरंजनाच्या बातम्यांची मथळेबाजी येते, आणि किती जणांनी मथळ्यावर टिचकी मारली याचा तक्ता रोज सकाळी समोर ठेवला जातो. ज्या सात वर्षांच्या मोकळिकीसाठी तिने पुणे निवडले तिची पहिली वर्षे अशी जात आहेत. लातूरचा एक मुलगा तिला त्या दक्षिणेतल्या संस्थेच्या मुलाखतीत भेटला होता. तो कर्ज काढून गेला. आता दिल्लीत एका इंग्रजी नियतकालिकात आहे, पगार हिच्या दुपटीहून अधिक, आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शाळांवर त्याने लिहिलेला मोठा लेख कन्येनेच आम्हांला पाठवला. लेख उत्तम होता. आम्ही दोनदा वाचला. त्याचा हप्ता चालू आहे, पण त्याने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

हे वाचून कोणी विचारील की मग चुकले का? आम्ही ते तिला विचारलेले नाही. विचारले तर ती आम्हांला वाईट वाटू नये म्हणून काही तरी बोलेल, आणि ते ऐकून आम्ही पुन्हा एखादे वाक्य तयार करू.

ठेवीची पावती त्याच लोखंडी कपाटात, त्याच फाइलीत आहे, १९९५ च्या पत्राच्या मागे. मुदत संपली की ती आपोआप पुढे चालू होते. मागच्या महिन्यात एका रात्री आम्ही पान सोडून घरी निघालो असता तिचा फोन आला. एवढ्या रात्री ती सहसा फोन करत नाही. आधी आईची चौकशी केली, मग पावसाची. मग म्हणाली, "बाबा, ती ठेव मुदतीआधी मोडता येते ना?"

"येते," आम्ही म्हटले. "थोडं व्याज जातं."

"किती?"

"फार नाही."

"बरं," ती म्हणाली. "आईला सांगू नका एवढ्यात." आणि मग विचारले की सोलापूरला यायला सकाळची गाडी किती वाजता आहे.